पाटी काढली, भाडेकरू आत

धाकट्या नणंदेचं लग्न दोनदा मोडून तिसऱ्यांदा एकदाचं लागलं, त्या वर्षीची ही गोष्ट. थोरली वहिनी तेव्हा न्यायालयाची सर्व्हर खोली सांभाळत होती आणि तिचा सख्खा दीर तिच्याच हाताखाली कामाला होता. घरी तो तिची फिरकी घेई, कचेरीत ती त्याची.

त्या दिवशी मात्र दोघांनाही थट्टा सुचेना. साक्षी साठवायची डिस्क काठोकाठ भरल्याचं यंत्र सांगत होतं आणि सगळ्या फोल्डरांची बेरीज मांडली तर ती अर्धीसुद्धा भरत नव्हती. नवीन काही साठेना, म्हणून सगळ्या दालनांतली कामं खोळंबली. मोठे साहेब येऊन म्हणाले, सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करा, असल्या दुखण्यावर तेच औषध. वहिनीलाही ते पटलं. साहेब फोन घ्यायला बाहेर वळले आणि तिचा हात बटणाकडे गेला, तसा दीर पांढराफटक पडला.

"वहिनी, थांब. सकाळी जागा करायला मी एक फाइल उडवली. भलीमोठी होती, नाव ना गाव. कचरा वाटला."

"कुठून उडवलीस?"

"रेकॉर्डिंगच्या फोल्डरातून."

ती फाइल म्हणजे कारखान्याच्या आगीच्या खटल्यातली साक्ष होती. मागच्या दाराला बाहेरून कुलूप होतं, हे डोळ्यांनी पाहिलेला एकच माणूस उरला होता, कारखान्याचा म्हातारा पहारेकरी. दोन दिवस तो खोकत खोकत बोलला होता. साक्ष पुरी झाली नव्हती, म्हणून फाइलीला नाव दिलं नव्हतं की तिची दुसरी प्रत काढली नव्हती. आणि आज पहाटे त्याला दवाखान्यात नेऊन घशात नळी घातली होती. तो पुन्हा बोलेल, असं डॉक्टरही म्हणत नव्हते.

बटणावरून हात काढून ती खुर्चीत बसली.

"फाइल गेली म्हणतोस, मग जागा का सुटली नाही?"

दिराने फोल्डर पुन्हा उघडून पाहिलं. फाइल तिथे नव्हती.

"अरे शहाण्या, तू दारावरची पाटी काढलीस. भाडेकरू आतच बसलाय."

रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम कालपासून उघडाच होता आणि त्याने फाइल धरून ठेवली होती. यादीतून नाव गेल्यामुळे ती बेरजेत येत नव्हती, पण डिस्कवरची जागा अडवून होती. सर्व्हर किंवा प्रोग्रॅम बंद पडला की ती पकड सुटून फाइल खरोखरच पुसली जाणार, मग कपाळावर हात मारून घेण्यावाचून काही उरणार नव्हतं. तिने दिराला साक्षीच्या दालनात पिटाळलं. तिथल्या संगणकावर आता जागा संपल्याची सूचना आली असेल. कुणी भला माणूस ती मिटवायला गेला आणि त्याने प्रोग्रॅमच बंद केला, तर सगळं मुसळ केरात.

मग तिने बाहेरची डिस्क जोडली आणि प्रोग्रॅमने धरलेली फाइल त्या पकडीतूनच तिच्यावर उतरवायला घेतली. किती उतरली ते दाखवणारी पडद्यावरची रेघ गोगलगाईसारखी सरकत होती.

साहेब परत आले. अजून बंद केला नाही? दालनांत लोक ओरडताहेत, म्हणाले, आणि स्वतःच बटणाकडे वाकले. वहिनी उठून सर्व्हरच्या कपाटाला पाठ लावून उभी राहिली.

"साहेब, हे बटण दाबलंत तर पहारेकऱ्याची साक्ष कायमची जाईल."

साहेबांनी विचारलं, ही वेळ आणली कुणी. तिने रेघेकडे बोट दाखवलं. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून दीर सांगत होता की टंकलेखक सूचना मिटवायला आलाच होता, म्हणून आपण माउसच काढून खिशात घातला. साहेब शेजारीच आहेत का, असं त्याने विचारलं, आणि मग त्यांनाच फोन द्यायला सांगितला. चूक आपली, हे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं.

साहेबांनी फोन ठेवला. दालनांना निरोप धाडला की तूर्त हाताने लिहा. मग तेही रेघेकडे बघत उभे राहिले.

रेघ टोकाला पोचली. वहिनीने नवी प्रत मधूनच लावून पाहिली. आधी खोकला आला, मग खरखरीत आवाज : "कुलूप बाहेरून होतं. मी पाहिलं."

तिने आणखी एक प्रत काढली आणि मगच बटण दाबलं, तशी डिस्कवरची जागाही सुटली. साक्ष निकालात धरली गेली. म्हातारा पहारेकरी मात्र ती वाचवली त्याच आठवड्यात, शुक्रवारी दुपारी, दवाखान्यात वारला.