पुढे चाल

धरणगावच्या एका जिनिंगमध्ये रुक्माबाई बावीस वर्षं कापसाचे बोजे वाहत होती. वय त्रेचाळीस, अंगाने भक्कम, एकुलती लेक सविता सुरतजवळ उधन्याला दिलेली. नवरा उखर्डू बाजार समितीच्या फाटकावर रखवालदार. खेळ म्हणावा असा तिच्या आयुष्यात एकच होऊन गेला होता, आखाजीचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा झोका, आणि तोही लग्नाआधीचा.

एके दिवशी कापसाने भरलेली हातगाडी चिखलात रुतली. दोन गड्यांना हलेना, ती रुक्माबाईने खांदा लावून एका दमात बाहेर काढली. कॉलेजात खेळ शिकवणाऱ्या पुनम मॅडम तेव्हा कुठल्याशा वर्गणीसाठी जिनिंगच्या ऑफिसात आल्या होत्या. वर्गणी राहिली बाजूला, त्या थेट रुक्माबाईसमोर येऊन उभ्या राहिल्या. धरणगावात महिलांचा रग्बी क्लब निघाला आहे, चौदा जणी जमल्या आहेत, पंधरावी मिळत नाही, आणि पुढच्या फळीत वजन असलेली बाई हवी, असं त्यांनी सांगितलं. रुक्माबाईने काय करावं लागतं ते विचारलं. मॅडम म्हणाल्या, मुख्य म्हणजे समोरच्यांना ढकलायचं.

"नुसतं ढकलनंच शे ना?" रुक्माबाई म्हणाली. "मंग लिखी ले मनं नाव."

क्लबचे अध्यक्ष होते कापडवाले भंवरलालशेठ. चेंडू गोल असतो की लांबट, हे त्यांना शेवटपर्यंत नीट सांगता आलं नाही, पण क्लबवर जीव ओतला तो त्यांनीच. कारण वेगळं होतं. सुरतकडे जाणारी सुपरफास्ट गाडी धरणगावला थांबावी म्हणून ते अकरा वर्षं अर्ज करत होते. कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं, की राज्याच्या अव्वल श्रेणीतला संघ गावात असला की बाहेरचे संघ येणार, संघ आले की प्रवासी दिसणार, आणि मग थांब्याच्या फायलीला वजन येणार. क्रिकेटमध्ये वर जायला जन्म गेला असता. रग्बीच्या तिसऱ्या श्रेणीत मोजून सहा संघ होते. शेठजींनी शाळेच्या गणवेशाचं उरलेलं चौकटीचं कापड काढलं आणि पंधरा जर्सी शिवून घेतल्या.

दर रविवारी सकाळी बाजार समितीमागच्या पटांगणावर सराव चाले. चेंडू पिकल्या पपईसारखा, हातात धरवत नव्हता. नियम त्याहून अवघड. चेंडू घेऊन पुढे धावायचं, पण दुसरीला द्यायचा तो मागेच. पुढे फेकला की शिट्टी. पोरी गोंधळल्या. रुक्माबाईला मात्र यात नवल वाटलं नाही. पुढे जाणाऱ्या बाईने मागच्या बाईच्या हातात काही ना काही देतच जायचं असतं, एवढं तिला ठाऊक होतं. आठ जणी खांद्याला खांदा भिडवून वाकत आणि उरलेल्या सात जणींना रेटत. रुक्माबाई ज्या बाजूला असे, ती बाजू पटांगण ओलांडून पार सरकीच्या ढिगापर्यंत जाई.

मग सामने सुरू झाले. म्हणजे, व्हायला हवे होते. पहिल्या संघाच्या पोरींची परीक्षा निघाली. दुसऱ्या संघाचा ड्रायव्हर त्यांना घेऊन नाशिककडच्या कुठल्याशा धारणगावला पोचला. तिसऱ्या संघातल्या नऊ जणी पोलीस भरतीला उतरल्या होत्या. चौथ्या संघाची फक्त कर्णधार आली. बाकीच्यांची वाट बघत तिने या पोरींबरोबर भरीत-पुरी खाल्ली आणि संध्याकाळच्या पॅसेंजरने परत गेली. नियमाप्रमाणे पंच अर्धा तास घड्याळ बघत, शिट्टी वाजवत आणि कागदावर लिहीत: धरणगाव, पुढे चाल, म्हणजे न खेळताच विजय.

दोन हंगामांत अकरा सामने, अकरा वेळा पुढे चाल. क्लब तिसऱ्या श्रेणीतून दुसऱ्या आणि दुसऱ्या श्रेणीतून अव्वल श्रेणीत गेला. भंवरलालशेठनी गावातून बँड लावून मिरवणूक काढली. फलकावर लिहिलं होतं, 'एकही सामना न हरलेला संघ'. त्यात खोटं काहीच नव्हतं. उखर्डू फाटकावर येणाऱ्या प्रत्येक गाडीवाल्याला सांगे, की आपली बायको राज्यात पहिल्या सहात आहे. रुक्माबाई मात्र मिरवणुकीत पदर तोंडावर ओढून चालली. उधन्याहून सविताने फोनवर विचारलं, आई, समोरच्यांना लागलं तर नाही ना फार? सगळ्यांचं बरं आहे, एवढं म्हणून तिने फोन ठेवला.

अव्वल श्रेणीतला पहिला सामना धुळ्याला होता. रुक्माबाई जीपमधून उतरली आणि जागीच थांबली. पटांगणाच्या पलीकडच्या टोकाला पंधरा बाया उभ्या होत्या. पिवळ्या जर्सी, मोजून पंधरा. मागून उतरणाऱ्या पोरी तिच्या पाठीवर आदळत गेल्या. बराच वेळ दोन्ही बाजू नुसत्या एकमेकींकडे बघत राहिल्या.

धुळ्याची कर्णधार चेलना नावाची चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी होती, एका सराफाची लेक. ती सावकाश चालत आली आणि सगळ्यांत थोराड दिसणाऱ्या रुक्माबाईजवळ येऊन हळूच म्हणाली, "अक्का, तुम्हाला खेळायची सवय असेल. जरा सांभाळून घ्या. आमच्यासमोर आजवर कुणी आलंच नाही."

"म्हंजे?"

"दहा सामने झाले. दहाही पुढे चाल."

रुक्माबाईने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "घाबरू नको माय. आम्ही बी बठ्ठ्या नव्याच."

आता पंचाची वाट होती. पंच मुंबईहून निघाले होते, गाडी चाळीसगावला खोळंबली होती. अर्धा तास झाला, तास झाला. दोन्ही अध्यक्ष सावलीत खुर्च्या टाकून बसले आणि त्यांनी नियमांचं पुस्तक उघडलं. पंच आला नाही तर दोन्ही संघांना सारखे गुण होते आणि दोघांचीही जागा पक्की. पंचाशिवाय खेळलं तर मात्र तो अनधिकृत खेळ, आणि दोन्ही संघ थेट तिसऱ्या श्रेणीत. भंवरलालशेठना हायसं वाटलं. त्यांनी पोरींना जीपमध्ये बसायला सांगितलं.

पोरी निघाल्याही. रुक्माबाई हलली नाही. ती पटांगणाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. पुनम मॅडम समजावायला गेल्या, तर ती म्हणाली की मॅडम, दोन वर्षं मी हवा ढकलते आहे. मॅडमनी एकदा शेठजींकडे पाहिलं, एकदा समोरच्या पिवळ्या जर्सींकडे, आणि गळ्यातली शिट्टी तोंडाला लावली.

तो खेळ ज्यांनी पाहिला, त्यांना तो कधी नीट सांगता आला नाही. आठ चौकटीच्या आणि आठ पिवळ्या एकमेकींना भिडल्या, आणि रुक्माबाईला पहिल्यांदा कळलं, की समोरूनही कुणी ढकलतं तेव्हा काय होतं. तिचे पाय मातीत रुतले, मानेत कळ आली, कानाशी कुणाचा तरी श्वास धपापत होता. ती मागे सरकली. इतक्या वर्षांत तिला मागे सारणारं कुणी भेटलं नव्हतं. तिला हसूच फुटलं. मग ती पुन्हा रेटायला लागली.

मध्येच चेंडू तिच्या हातात आला. तिने तो छातीशी आवळला आणि दोघींना अंगाला लटकवून रेषेपार नेला. पलीकडे चेंडू जमिनीला टेकवायचा असतो, तेव्हाच गुण मिळतात. हे ती पार विसरली आणि तो कवटाळून उभी राहिली. धुळ्याच्या पोरींनाही पुढे काय ते आठवेना. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग सहा जणींनी मिळून तिला उचललं आणि अदबीने रेषेच्या अलीकडे आणून ठेवलं. मॅडमना हसू आवरेना, त्यामुळे शिट्टी वाजायची ती राहूनच गेली. गुण मोजायला दोन माणसं बसवली होती. एकाने बारा-पाच लिहिलं, दुसऱ्याने सात-सात. खेळ थांबला तेव्हा चेलनाचं नाक सुजलं होतं, रुक्माबाईचा डावा डोळा मिटला होता, आणि दोघी एकाच पिंपातलं पाणी पीत होत्या. पंच रिक्षातून उतरले ते नेमके त्याच वेळी. त्यांनी पटांगण पाहिलं, तीस मळलेल्या बाया पाहिल्या आणि वही काढली.

पंधरा दिवसांनी संघटनेचं पत्र आलं. पंचांनी अनधिकृत खेळ नोंदवला होता. मात्र पत्रात एक वाट ठेवली होती: त्या दिवशी सामना झाला नाही, केवळ अंग मोकळं करण्याची कसरत झाली, असं सगळ्या खेळाडूंनी सहीनिशी लिहून दिलं, तर दोन्ही संघांची जागा कायम राहील.

भंवरलालशेठ कागद घेऊन स्वतः रुक्माबाईच्या घरी आले. ओट्यावर बसले, पाणी प्यायले. बाकीच्या चौदा जणींच्याही सह्या झाल्या नव्हत्या. पोरी म्हणाल्या होत्या, आधी अक्काची होऊ द्या. थांब्याची फाईल यंदा खरंच वर सरकली आहे, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. "तुझी लेक उधन्याला आहे ना रुक्माबाई? गाडी थांबली तर सकाळी निघून दुपारी तिच्या दारात."

हे तिला लागलं. सविताला पाचवा महिना होता. एरवी तिच्याकडे जायचं म्हणजे पॅसेंजरमध्ये अख्खा दिवस उभं राहायचं. तिने कागद हातात घेतला, अक्षर अक्षर लावून वाचला आणि पुन्हा वाचला.

"शेठ, दुसरं काय बी लिखा," ती म्हणाली. "हरनूत लिखा. पन खेळनूतच नही, हाई लिखी देवाव नही मी."

हरलो असं लिहायला ती तयार होती, खेळलोच नाही असं लिहून द्यायला नव्हती. शेठजींनी कागदाची घडी केली. त्यांना राग यायला हवा होता, पण इतकी वर्षं अर्ज केलेल्या माणसाला नकाराची सवय असते. धुळ्याच्या पोरींनीही सही दिली नाही, ते त्यांना आदल्या दिवशीच कळलं होतं. ते उठले, चपला घातल्या आणि उंबऱ्याजवळ थांबले. सामना सगळा त्यांनी पाहिला होता, तरी एक गोष्ट त्यांना राहून राहून टोचत होती.

"पण जिंकलं कोण?"

रुक्माबाईने खूप विचार केला. बारा-पाच, सात-सात, दोन्ही आठवून पाहिलं.

ते काही ठरलं नव्हतं, असं तिने प्रामाणिकपणे सांगितलं. चेलनाचा फोन आला होता. तिसऱ्या श्रेणीतले बाकीचे संघ मोडले होते, आता तिथे हे दोनच उरणार होते, आणि येत्या रविवारी धुळ्याच्या पोरी खेळायला जीप करून धरणगावला येणार होत्या. शेठजींनी मान हलवली आणि किती जणींचं भरीत लागेल ते विचारलं.