उतरवलेली शिडं

"एकही शीड उतरवायचं नाही," अंथरुणातूनच नामेन म्हणाला. "सगळी फुगलेली हवीत."

पाथरवट ब्रारने फळीवर कोळशाने काढलेलं जहाज त्याच्यापुढे धरलं होतं. उत्तर समुद्रातल्या फ्योर बेटावर कप्तानाच्या थडग्यावरच्या शिळेत जहाज कोरतात, आणि बरेच जण ते जिवंतपणीच पसंत करून ठेवतात. नामेनने छातीच्या दुखण्याने अंथरूण धरलं होतं. घाई त्यालाच होती.

"कप्तान, भरल्या शिडांचं जहाज म्हणजे चालतं आयुष्य," ब्रार म्हणाला. "गेलेल्या माणसाचं नांगरलेलं असतं, शिडं उतरवलेलं. वाडवडिलांपासूनची रीत आहे."

"पिसं उपटलेल्या कोंबडीसारखं दिसतं ते. मला नको."

त्याची बायको केरिन चुलीपाशी कणीक मळत होती. "मला तसंच हवंय," ती म्हणाली.

नामेनने मान वळवली. त्याच्या कामात ती आजवर कधी बोलली नव्हती.

"तुला काय कळतं गं जहाजातलं?"

"एवढंच कळतं, की शिडं फुगली की तू निघालास. दर वसंतात देवमाशांच्या मागे, ग्रीनलंडला. तीन पोरं झाली, तिन्ही वेळा तू पाण्यावर. मधलं गेलं तेव्हाही." तिचे हात कणकेतच होते. "लोकांना भरल्या शिडांचं चित्र देखणं वाटतं. मला त्यात तू लांब जाताना दिसतोस. आता मेल्यावरही तेच बघत बसू?"

ब्रार उगाच बोटांवरचा कोळसा झटकू लागला.

"मग आधी का नाही बोललीस?" नामेनने विचारलं.

"बोलले असते तर राहिला असतास?"

त्याला हसू आलं, हसण्याचा खोकला झाला. केरिनने पिठाच्या हातांनीच त्याला सावरून बसवलं. श्वास जाग्यावर आल्यावर तो म्हणाला, "उतरव रे शिडं, ब्रार. आणि नांगर घट्ट बसव. ही बाई येऊन ओढून बघेल."

ब्रारने अंगठ्याने एकेक शीड पुसलं.

सफरचंदं उतरवायच्या दिवसांत नामेन गेला. वसंत आला तशी बेटावरची माणसं पुन्हा समुद्रावर निघाली, त्यांच्या बायका बंदरावर गेल्या. केरिन चर्चच्या आवारात आली. वारं बोचरं होतं, पण शिळेच्या आडोशाला ते लागत नव्हतं. ती तिथे टेकून बसली, पाय लांब केले आणि फडक्यात बांधून आणलेला पाव सोडला.