चौघींच्या कमरेचा दोर

मित्रांनो, मला हात लावाल तर थोडं टोचेल, हे आधीच सांगून ठेवतो. मी काथ्याचा आहे आणि बराच जुना आहे. गोव्यात सासष्टीच्या किनाऱ्यावर पास्कोल बार्रेत या मासेमाराचा मांगर आहे, होडी आणि जाळी ठेवायचं खोपट. त्याच्या भिंतीवरच्या लाकडी खुंटीवर मी टांगलेला असतो. गावातली माणसं मला 'कोचचा दोर' म्हणतात. पण माझा जन्म काही फुटबॉलसाठी झाला नव्हता.

मी आलो नारळाच्या सोडणांतून. बायकांनी ती खाडीच्या चिखलात पुष्कळ दिवस कुजवली, बडवली, त्यांतला काथ्या मोकळा केला आणि पीळ देत देत मला लांबच लांब केलं. मग पास्कोलने मला रापणीला बांधलं. होडी ते मोठं जाळं समुद्रात अर्धगोल टाकून यायची आणि किनाऱ्यावर उभे असलेले दोन जमाव त्याची दोन टोकं ओढत आणायचे. डाव्या टोकाला मी होतो. किती हात माझ्यावरून गेले असतील. बांगड्यांनी भरलेलं जाळं वाळूवर आलं की पास्कोल मला थोपटायचा आणि म्हणायचा, "हा दोर हातातून सटकत नाही."

पुढे नायलॉनचे दोर आले. ते हलके होते, कुजत नव्हते आणि स्वस्तही होते. मला गुंडाळून मांगराच्या मागे टाकलं. मी वाईट वाटून घेतलं, पण फार काळ नाही, कारण एका कोंबडीने माझ्या वेटोळ्यात अंडी घातली आणि मला पुन्हा काम मिळालं. शिवाय मांगराच्या मागेच गावाचं मैदान होतं. संध्याकाळ झाली की मुलींची टीम खेळायला यायची आणि मला फुकटात तमाशा दिसायचा.

त्या टीमची कोच होती पास्कोलची मुलगी देल्फिना. स्वतः चांगली खेळायची, पण गुडघा गेला. मग बाहेरगावी जाऊन तिने कोच होण्याचं शिक्षण घेतलं आणि परत आली ती वेगळीच होऊन. परदेशातला कोणी मोठा कोच तिच्या मनात बसला होता. त्याच्यासारखी ती हाताची घडी घालून उभी राहायची, त्याच्यासारखी हनुवटी चोळायची. त्याची टीम छोटे छोटे पास देत खेळायची, म्हणून आमच्या मुलींनीही तसंच खेळायचं. पण आमचं मैदान म्हणजे खड्डे आणि वाळू. पास निघायचा एकीकडे आणि जायचा दुसरीकडे. टीम हरली, मग पुन्हा हरली.

क्लबचे अध्यक्ष इनास बाब मैदानाच्या कडेच्या भिंतीवर बसलेले असत. ते म्हणाले, "देल्फिना, त्या माणसाचा कोट घालून तू आपल्या उन्हात उभी आहेस. घाम येणार, गोल नाही येणार."

तिला ते लागलं. मग तिने दुसरं टोक गाठलं. सगळ्यांना आपल्याच गोलसमोर उभं केलं आणि सांगितलं, बॉल आला की लांब मारून द्या. आता टीम हरेना, पण जिंकेचना. मुली कंटाळल्या. बचाव सांभाळणारी वेरोदिना होती टीमची कॅप्टन. सकाळी आईबरोबर बाजारात मासे विकायची, त्यामुळे जिभेला धार होती.

"कोच, राग मानू नको," ती म्हणाली. "तू सांगतेस ते आम्ही करतो. पण तू सांगतेस ते तुला तरी आवडतं का गं?"

देल्फिना मांगराच्या मागे येऊन माझ्याजवळच्या ओंडक्यावर बसली. तिला डोळे पुसताना मी पाहिलं. गावच्या कपेलाच्या, म्हणजे छोट्या चर्चच्या, वार्षिक उत्सवाला, फेस्ताला, मोठी स्पर्धा असते. त्यात टीम नीट खेळली नाही तर दुसरा कोच आणायचा, असं क्लबात ठरलं होतं.

अशातच एका संध्याकाळी पास्कोलची माणसं कमी पडली. जाळं तर समुद्रात टाकून झालेलं. त्याने मैदानाकडे बघून हाक मारली, "देल्फिना, तुझ्या पोरी दे थोडा वेळ. नाहीतर मासळी जाते."

मुली धावत गेल्या. निम्म्या डाव्या दोराला, निम्म्या उजव्या. देल्फिना गुडघ्यामुळे नुसती उभी राहून बघत होती. डावीकडचा जमाव ओढण्यात पुढे गेला, तशी त्यातली वेरोदिना आपोआप सैल झाली आणि तिच्यामागच्या सगळ्याजणी थांबल्या. उजवीकडचे बरोबरीला आले, तशा पुन्हा सगळ्या एकदम मागे रेलल्या. दोन्ही बाजू आवळत आवळत जाळं किनाऱ्याला लागलं.

"तुला थांबायला कोणी सांगितलं?" देल्फिनाने विचारलं.

"कोण सांगणार?" वेरोदिना म्हणाली. "पलीकडचे मागे राहिलेले दिसले. एकटं ओढून जाळं वाकडं करायचं काय?"

देल्फिना तिच्याकडे बघतच राहिली. मग लंगडत लंगडत थेट माझ्याकडे आली आणि तिथून बापाला हाक मारली.

"पप्पा, हा जुना दोर मी घेते."

"अगं, त्यात कोंबडी बसलीय."

"तिला टोपली दे. नायलॉनचा दोर पोरींच्या कमरेवरून सटकत राहील. मला हाच पाहिजे."

मित्रांनो, त्या दिवसापासून माझं दुसरं आयुष्य सुरू झालं. बचावाच्या चौघींच्या कमरेला तिने मला बांधलं, मधे थोडी थोडी ढील ठेवून. बॉल उजवीकडे गेला की चौघींनी उजवीकडे सरकायचं, पुढे गेला की चौघींनी पुढे. पहिल्या दिवशी चौघी एकावर एक पडल्या. सगळ्यात खाली दबलेली जोआकिना ओरडली, "कोच, मासळी आम्हीच झालो." सगळ्या इतक्या हसल्या की देल्फिनाला सराव थांबवावा लागला. ती स्वतःच वाळूत बसून हसत होती.

हळूहळू मी ताणला जाईनासा झालो. मग एक दिवस तिने मला सोडलं आणि म्हणाली, "आता दोर आहे असं समजून खेळा." पुढे खेळणाऱ्या मुलींनाही तिने तेच शिकवलं. बॉल गेला की मागे पळायचं नाही. दोन्हीकडून आवळत यायचं, समोरचीला कडेला कोंडायचं, बॉल काढून घ्यायचा आणि सरळ गोलकडे धावायचं. हाताची घडी सुटली. आता ती कडेकडेने लंगडत "सैल, सैल", "ओढ आता" असं ओरडायची. ते शब्द रापण ओढवणाऱ्या तिच्या बापाचे होते, पण ओरडणं तिचं स्वतःचं होतं.

फेस्ताच्या सामन्याला मला मैदानाच्या कडेला बांधलं, गर्दी आत येऊ नये म्हणून. त्यामुळे सगळं जवळून पाहायला मिळालं. समोर शेजारच्या गावाची तगडी टीम. तिघी पुढे सरकल्या, जोआकिना एक क्षण मागे राहिली आणि त्या फटीतून आमच्यावर गोल झाला.

मध्यंतरात इनास बाब मला ओलांडून आत आले. "हे पुरे कर. सगळ्यांना मागे घे. इज्जत तरी वाचव."

देल्फिना मुलींकडे वळली. "मागे राहायचं का?"

"मागे राहून कधी मासळी आलीय?" वेरोदिना म्हणाली.

"बाब, तुम्ही ऐकलंत," देल्फिना म्हणाली. "उद्या मला काढायचं असेल तर काढा. आज आम्ही असंच खेळणार."

आणि त्या खेळल्या. समोरच्यांना श्वास घेऊ देईनात. त्यांच्याच कोपऱ्यात त्यांना कोंडून गोल केला, तेव्हा लोक माझ्यावर असे रेलले की माझे दोन पीळ तुटले. सामना बरोबरीत सुटला आणि पेनल्टीवर आम्ही हरलो. वेरोदिनाचा बॉल माडांत गेला.

देल्फिना खाली मान घालून उभी होती. इनास बाब आले, टोपी काढली.

"पेनल्टी मारणं रापणीत कोण शिकवणार?" ते म्हणाले. "ते तेवढं शिकव. सोमवारी सरावाला ये. हा आपला खेळ वाटला गं."

त्याला आता काही वर्षं झाली. टीमने पुढे चषकही आणले. परवा केप्याच्या डोंगराकडचा लुसियान नावाचा एक तरुण कोच मला मागायला आला.

"नेशील," देल्फिना म्हणाली, "पण तुझ्या पोरी काय करतात?"

"काजू गोळा करतात. दिवसभर डोंगर चढतात, उतरतात."

"मग सामन्यात दमत नसतील."

"त्या कुठल्या दमतात? समोरच्याच दमतात." एवढं बोलून तो थांबला. मग स्वतःशीच हसला, "म्हणजे माझा दोर तिकडे डोंगरावरच आहे," म्हणाला, मला परत खुंटीवर टांगलं आणि मोटरसायकलला किक मारून निघून गेला.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्याही घरामागे कुठे जुनं काही पडलं असेल, तर टाकून देण्याआधी एकदा उचलून बघा. आणि सराव संपला की मला वाळूत तसंच सोडू नका. वाळू झटका, सावलीत वाळवा. अजून पुष्कळ पोरी यायच्या आहेत.