सामानाची खोली

बांधकाम तपासायला पालिकेचा इन्स्पेक्टर येणार म्हणून मुलाने सकाळीच आईची गादी चादरीसकट गुंडाळून गाडीच्या डिकीत कोंबली, खाट भिंतीला उभी केली आणि गॅरेजभर रंगाचे डबे, जुनी सायकल, मोडका पंखा असा पसारा मांडला. एरवी पसारा आवरायचं नाव काढलं की अंगावर काटा येणारा हा गृहस्थ आज पसारा घालताना घामाघूम झाला होता.

गुडघ्यांमुळे आईला जिना चढवेना, म्हणून गॅरेजची खोली केलेली. पण राहायची खोली म्हणून परवानगी मागायची, तर नियमाप्रमाणे जमीन उकरून ओल अडवणारा थर घालायला हवा. शिवाय खिडकी हवी, आणि ती निघणार शेजाऱ्याच्या बाजूला, म्हणजे त्याची संमती आलीच. त्याच्याशी तर पार्किंगवरून बोलणंच तुटलेलं. आता त्याच्यापुढे नाक घासायचं? त्यापेक्षा याने अर्जात 'सामानाची खोली' लिहिलं आणि मोकळा झाला.

"आई, विचारलंच तर पाहुणी म्हणून सांग हं." हे बोलताना त्याची जीभ जड झाली, पण थांबली नाही.

इन्स्पेक्टर भला माणूस होता. त्याने भिंतीवरून हात फिरवला, वाकून लादी पाहिली.

"आजी, तुम्ही कुठे राहता?"

"मी होय? लेकीकडे. दोन दिवस आले होते, उद्या निघणार," आई हसत म्हणाली.

मुलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. 'इथेच राहते ती' हे शब्द अगदी ओठांवर आले. त्याने ते गिळले.

"सामानासाठी पास," सही करत इन्स्पेक्टर म्हणाला. "माणूस मात्र झोपवू नका. ओल फार आहे, छाती धरेल."

त्याची गाडी वळताच आईने विचारलं, "झालं ना रे तुझ्या मनासारखं? मग गादी टाक बाबा, पाठ टेकते जरा."

त्याने गादी आणून उलगडली. चादर सरकली. खालची बाजू दमट होती, काळ्या ठिपक्यांनी भरलेली. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"आई, अगं हे कधीपासून?"

"त्यात काय एवढं? रोज उलटते मी ती. तुला कोणापुढे वाकायला नको."