गल्लीत ताप नाही

नर्सताईच्या गल्लीत कुठल्याच बाळाला ताप येत नव्हता. शेजारच्या वस्तीत बाळं रीतसर आजारी पडत होती, खोकत होती, बरी होत होती; हिच्या गल्लीत थर्मामीटर केव्हाही लावा, आकडा गुणी. संशोधनाचे मोठे डॉक्टर भलतेच खूश होते. गरोदरपणी आयांना टोचलेली नवी लस पुढे तान्ह्यांना छातीच्या आजारापासून वाचवते का, हे त्यांना शोधायचं होतं. अर्ध्या आयांना लस, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय, हे नर्सताईलाही ठाऊक नव्हतं. आणि ताप तर कुणाच्याच बाळाला नाही. हे कसं काय बुवा, असं एकाही शहाण्याने विचारलं नाही. चांगली बातमी कुणी उकरून बघतं का?

त्या दिवशी ताई शिलाईवालीच्या घरी गेली. शिलाईवाली मशीनवर, बाळ तिच्या सासूच्या मांडीवर. आकडा गुणीच आला. पण बाळाच्या नाकपुड्या फुलत होत्या. ताईने झबलं वर केलं, तर प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता.

"आजी, याला काही दिलंय का?"

"छे. काय देणार?"

"आजी."

म्हातारी सुनेकडे बघायला लागली. सून सुईत दोरा ओवायला लागली. दोरा आधीच ओवलेला होता.

"तापाचं औषध दिलं," सून शेवटी म्हणाली. "तुम्ही यायच्या आधी देतो. सगळ्याच देतात."

"सगळ्याच?"

"मग काय करायचं?" आजी फणकारली. "मागे कोपऱ्यावरच्या पोराला ताप निघाला, तर दोन साहेब येऊन तुला उभ्या उभ्या फैलावर घेऊन गेले. तू आपली मान खाली घालून. एवढी जीव लावणारी पोर तू, तुझी नोकरी आमच्या पोरांपायी घालवायची? गल्लीला काही मन आहे की नाही?"

साहेब फक्त नाकातला नमुना कसा घेतला ते विचारत होते, आणि ताई मान खाली घालून लिहून घेत होती. पण हे उलगडून सांगायला वेळ कुठे होता? तिने बाळ उचललं.

"चला, हॉस्पिटलात."

"अगं, पण तुझी लस नापास होईल."

"होऊ दे. उठा आधी."

गाडीत बाळ रडायचंही थांबलं, तेव्हा ताईने ड्रायव्हरला हॉर्न दाबूनच धरायला सांगितलं. हॉस्पिटलात ऑक्सिजन लावला. आणखी उशीर केला असता तर काही खरं नव्हतं, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तोंडावर सुनावलं. संध्याकाळी श्वास जरा संथ झाला. सून बाळाचा पाय धरून बसली होती, सोडायला तयार नव्हती.

आजी म्हणाली, "एक सांग. हिला खरी लस दिली होती, की पाणी?"

"माहीत नाही, आजी. अजून कुणालाच माहीत नाही."

"म्हणजे लस होती की नव्हती, तेही नक्की नाही?"

"नाही."

"मग नातवाचा जीव टांगणीला लावून मी अब्रू राखत होते ती कुणाची?"

"माझी," ताई म्हणाली, आणि तिथेच स्टुलावर बसून रडायला लागली.