कॅनडाच्या झाडाची कहाणी

इंदापूरच्या कोर्टात मी काही वर्षं वकिली केली. माझा आवाज लहान. तो न्यायाधीशांपर्यंत पोचेस्तोवर पुढची तारीख पडलेली असायची. एकदा साहेबांनी समोरच्या वकिलांना सांगितलं, की बाई काय म्हणतायत ते जरा मोठ्यानं सांगा. त्यांनी सांगितलं, पण आपल्या अशिलाच्या बाजूनं. त्यानंतर मी बारामतीच्या एमआयडीसीत नोकरी धरली.

तिथं आम्ही कॅनडातल्या वकिलांसाठी बातमीपत्र तयार करतो. तिकडच्या एका कायद्याच्या ग्रंथालयाकडून निकाल येतात, एकेक चांगला जाडजूड. आम्ही त्याचा अर्ध्या पानात सारांश लिहायचा. इथं दिवेलागण होते तेव्हा तिकडं सकाळ होते, आणि तिकडचे वकील कॉफी पिता पिता आमचा सारांश वाचून कोर्टात जातात. या कामात कोणी मला मोठ्यानं बोला म्हणत नाही. एवढ्यासाठी मी रोज देवाला वेगळं फूल वाहते.

आमच्या घरात रोजचा एक वसा आहे. सकाळी पूजा झाली की कहाणी सांगायची. ऐकणाऱ्यानं वाक्यावाक्याला हुंकार द्यायचा, आणि मग दोघींनी जेवायचं. हुंकार देणारं कोणी मिळालं नाही, तर त्या दिवशी उपास. इंदापूरजवळच्या कळस गावात आमच्या घरी माझी कहाणी ऐकायला सासूबाई असतात. त्यांचं नाव कौसल्या. मी त्यांना आत्या म्हणते.

गेल्या श्रावणात एका सकाळी आत्यांनी हुंकार थांबवला.

"मंदे, ही कहानी मला पाठ हाय. तुला पाठ हाय. देवालाबी पाठ झाली आसंल. नवी सांग."

"नवी कुठून आणू, आत्या?"

"दिसभर हापिसात काय वाचती मग?"

मला त्या वेळी दुसरं काही सुचलं नाही आणि भूकही लागली होती. आदल्या दिवशीच्या बातमीपत्रात दोन शेजाऱ्यांचा खटला होता. मी सुरुवात केली. आटपाट नगर होतं. तिथं सहा महिने बर्फ पडायचा. दोन शेजारी होते, त्यांच्या बांधावर एक मॅपलचं झाड होतं. एकानं दुसऱ्याला न विचारता ते तोडलं. दुसरा रुसून बसला, चार वर्षं बसला, आणि मग कोर्टात गेला. कोर्ट म्हणालं, झाड तुझंही होतं, पण दाव्याची मुदत संपली.

आत्या हुंकार देत होत्या. शेवटी थांबल्या.

"आन् झाड?"

"झाडाचं काय?"

"त्याला कुणी इचारलं का?"

"निकालात तसं काही नाही."

"म्हंजी कुणीच इचारलं न्हाय. बरं, वाढ आता."

दुसऱ्या दिवसापासून रोज एक निकाल ठरला. आत्या तो दुपारी देवळात बायकांना सांगायच्या. काय सांगायच्या ते मी विचारलं नाही. दुपारी मी बारामतीत असते. मला इतकंच कळलं, की झाडाची कहाणी बायकांनी उचलली आणि मंगळवारी तिचा वसा सुरू झाला. वशाचा नेम एकच, सरकारी कागद मुदतीच्या आत द्यायचा. इंदापूरच्या तहसील कचेरीतल्या एका कारकुनानं आमच्या गावच्या द्वारकाबाईंना विचारलं म्हणे, की कळसला काही झालंय का, सगळे वेळेवर येतायत.

वसा म्हटलं की उद्यापन आलं, आणि उद्यापनाला पोथी वाटायची पद्धत आहे. इंदापुरात सावळाराम म्हणून एक जण लग्नपत्रिका छापतात. त्यांनी झाडाची कहाणी छापली. वर गणपती, खाली मॅपलचं पान. शेवटी लिहिलं होतं, जो ही कहाणी वाचील त्याची तारीख लागेल, आणि जो छापून वाटील त्याचा निकाल लागेल. मग काय, कोर्टाच्या आवारात ज्याचं त्याचं छापणं सुरू झालं.

ऑफिसात आमचे प्रमुख विराज आहेत. वयानं माझ्याहून बरेच लहान, मला ताई म्हणतात. त्यांच्या मावशीचा इंदापुरात वाटणीचा दावा आहे. एका सोमवारी विराजनी ती पोथी माझ्या टेबलावर ठेवली.

"ताई, पहिलं पान वाचा."

पहिल्या पानावर छापलं होतं, 'मूळ कॅनडा. सूनबाई मंदाकिनी यांच्या मुखातून.'

"हा आपला निकाल आहे," विराज म्हणाले. "आपला सारांश. करारात काय आहे? इथं लिहिलेला शब्द न् शब्द ग्रंथालयाचा. बाहेर गेला तर माणूसही बाहेर."

"मी दिला नाही. सांगितला."

"कशासाठी?"

"जेवायचं होतं."

विराजनी पोथी परत उचलून घेतली. "मला तिकडं कळवावं लागेल, ताई. मावशीनं अजून पन्नास छापायला टाकल्यात."

ग्रंथालयात मार्गारेट म्हणून बाई आहेत, आमचं सगळं काम त्या तपासतात. त्यांनी पोथीचं इंग्रजी भाषांतर मागितलं. ऑफिसात ते करणारी मीच होते, म्हणून माझ्यावरच्या आरोपाचा पुरावा मीच तयार करत बसले. अर्ध्यावर आल्यावर कळलं, की कहाणी मला वाटली होती त्यापेक्षा बरीच लांब आहे.

त्या रात्री मी आत्यांना सगळं सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "म्हंजी माझी कहानी चोरीची?"

"तसं नाही, आत्या."

"मग कसं? कागद तुमचा, झाड त्यांचं, आन् चोर मी व्हय?"

सकाळी पूजा उरकून बघते तर आत्या भवानीनगरला लेकीकडं निघून गेल्या होत्या. फोन केला, उचलला नाही. हुंकार द्यायला घरात कोणी नव्हतं. मी डबा भरून घेतला आणि न जेवता एसटीत बसले. दुपारीही तो उघडला नाही. संध्याकाळी मार्गारेटबाईंशी बोलणं होतं, आणि नोकरी राहणार की जाणार ते तिथंच ठरणार होतं.

पडद्यावर मार्गारेटबाई दिसल्या. मागं पुस्तकंच पुस्तकं. विराज माझ्या शेजारी बसले.

"तुमचा आवाज येत नाहीये," त्या म्हणाल्या. विराजनी माइक माझ्या तोंडाशी धरला.

"हा आमचा सारांश तुम्ही बाहेर सांगितलात?"

"हो." खोटं बोलायचं नाही असाही माझा एक नेम आहे. विराजनी डोळे मिटले.

"तुमचं भाषांतर आलंय. पण त्यात एक झाड बोलतं. निकालाच्या कोणत्या परिच्छेदात झाड बोलतं?"

"कुठल्याच नाही."

"मग तुम्ही मला हे नीट सांगा. पहिल्यापासून."

मी सांगायला लागले. आटपाट नगर होतं.

"हं," मार्गारेटबाई म्हणाल्या.

तिथं सहा महिने बर्फ पडायचा.

"हं."

दोन शेजारी होते. बांधावर झाड होतं. एकानं कुऱ्हाड आणली, तेव्हा झाड म्हणालं, मला तोडायच्या आधी पलीकडच्याला विचार. यानं विचारलं नाही, तोडलं. मग झाड रात्री पलीकडच्याच्या स्वप्नात गेलं आणि म्हणालं, रुसून बसू नकोस, कागद घेऊन जा. तोही उठला नाही. चार वर्षांनी दोघं कोर्टात उभे राहिले. न्यायाधीश म्हणाले, एकानं शेजाऱ्याला विचारलं नाही, एकानं मला वेळेवर सांगितलं नाही, आता मी काय करू? तेव्हा बुंध्याला पालवी फुटली, आणि तिची सावली दोघांच्या घरावर सारखी पडली.

वाक्यावाक्याला बाई हुंकार देत होत्या. एकही वाक्य त्यांनी सोडलं नाही. मी इतकं सलग कोर्टात कधीच बोलले नव्हते.

"निकाल कोणीही छापावा," बाई म्हणाल्या. "सारांश मात्र ज्यानं डोकं चालवून लिहिला त्याचा. आमच्या सुप्रीम कोर्टानं वीसेक वर्षांपूर्वी हेच सांगितलंय, तेही एका ग्रंथालयाच्या झेरॉक्सवरून झालेल्या खटल्यात. या कहाणीत डोकं कोणी चालवलंय?"

"सासूबाईंनी. त्यांचं म्हणणं, निकालात झाडाला कोणी विचारलं नाही."

"खरं आहे," मार्गारेटबाई म्हणाल्या. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. "मग ही त्यांची. आमचा सारांश यात उरलेला नाही. पण पुढच्या वेळी सांगायच्या आधी आम्हाला विचारा. आणि एक प्रत आमच्या ग्रंथालयाला हवी आहे, त्यांची परवानगी असेल तर."

"त्यांना विचारते. पण त्या म्हणतील, ठेवायची नाही, छापून वाटायची."

"ते आम्हाला करता येणार नाही," बाई म्हणाल्या. "हक्क त्यांचा आहे."

पडदा बंद झाला. विराज कपाळ पुसत होते. मी पिशवीतून डबा काढला आणि झाकण उघडलं.

"ताई, आत्ता?"

"कहाणी झाली," मी म्हटलं.

भाकरी सकाळची होती, वातड झाली होती. अर्धी विराजना दिली. मग भवानीनगरला फोन लावला. या वेळी आत्यांनी उचलला.

"कॅनडाच्या बाई तुमचीच म्हणाल्या, आत्या. कहाणी तुमची."

"ते मला ठावं हाय," आत्या म्हणाल्या. "तू जेवलीस का?"