नबील घरातच आहे

हुस्नबानूला शहरातल्या चहाची चटक लागली ती साठी उलटल्यावर. काशीदच्या अलीकडे, समुद्राला लागून असलेल्या आपल्या वाडीत नारळ-सुपारीला पाणी घालता घालता तिचं आयुष्य गेलं होतं. चहा म्हणजे असरची, म्हणजे दुपार कलल्यावरची, नमाज झाली की ओटीवर बसून बशीत ओतून प्यायची गोष्ट, एवढंच तिला ठाऊक होतं. त्या एका कपासाठी एसटीने अलिबाग, तिथून मांडवा, मांडव्याहून बोटीने मुंबई असा अर्धा दिवस घालवायचा, असं कुणी आधी सांगितलं असतं तर तिने त्या माणसाच्या डोक्याची काळजी केली असती.

पण दिवाळीनंतर नदीमचा फोन आला. नदीम तिचा थोरला, बायको यशरा आणि लाद्यांचं दुकान सांभाळत माझगावात राहणारा. म्हणाला, अम्मी, तू कधी कुठे जात नाहीस, एक दिवस ये, मोठ्या हॉटेलात बसून दुपारचा चहा घेऊ. हुस्नबानूला आधी खरंच वाटेना. उन्हाळ्यात याच नदीमने एका रिसॉर्टवाल्याला घेऊन येऊन वाडी विकायची भुणभुण लावली होती. वाडी आणि घर तिच्या बापाने तिच्या नावावर केलेलं. तिने चक्क सांगितलं होतं की धाकटा नबील घरी येऊन राहीपर्यंत एका झाडालाही कुणी हात लावायचा नाही, मी मेल्यावर तुम्ही दोघं भाऊ बघा. तेव्हापासून नदीमने फोन करणं टाकलं होतं. आता आपण होऊन चहाला बोलावतोय म्हणजे राग निवळला, असं तिने धरलं. आई आपल्या लेकराबद्दल असंच धरून चालते, त्याला इलाज नाही.

पहिली दुपार मात्र झकास गेली, ते नाकारून चालणार नाही. गेटवेला उतरली तेव्हा यशरा स्वतः हात धरायला उभी होती. हॉटेलात गेल्यावर काचेबाहेर समुद्र, आत गारवा, पायाखाली असा गालिचा की चप्पल काढून हातात घ्यावी की काय असा तिला प्रश्न पडला. मग एकावर एक तीन बशा चढवलेलं ते प्रकरण आलं. खाली काकडीचे चिमुकले सँडविच, मध्ये गोड पावासारखं काहीतरी, वर केकचे तुकडे. चहा एका किटलीत, दूध दुसरीकडे, साखर तिसरीकडे. हुस्नबानूने दूध घातलं, साखर घातली, चव घेतली आणि वेटरला विचारलं की बाबा, हे सगळं तू आत एकत्र का उकळलं नाहीस, तुझे कष्ट वाचले असते. नदीम खळखळून हसला. कित्येक वर्षांत तो असा हसला नव्हता. घरी परतल्यावर ती बशांची गोष्ट तिने शेजारच्या सोनाबाईला सांगितली, मग तिच्या सुनेला सांगितली, मग नारळ उतरवायला येणाऱ्या बाबाजीलाही सांगितली.

दुसऱ्या खेपेला टेबलाशी चौथी खुर्ची होती. तिच्यावर पियूषभाई म्हणून एक गृहस्थ बसले होते. नदीमचे धंद्यातले दोस्त, असं सांगितलं गेलं. माणूस गोड, बोलणं हळू. पण आल्याबरोबर त्यांनी हुस्नबानूला खिडकीकडे तोंड करून बसवलं, म्हणजे उजेड तिच्या तोंडावर यावा. फोन काढून टेबलावर पालथा ठेवला. लाद्यांच्या धंद्यातला माणूस तासभर बसतो आणि लादीचा एक शब्द काढत नाही, हे तिच्या तेव्हाच ध्यानात यायला हवं होतं. तिचं लक्ष केकात होतं.

पियूषभाईंनी इकडचं तिकडचं विचारलं. आज वार कुठला, गावाहून कशी आलात, मागच्या वेळी काय खाल्लं होतं. ती सगळं रंगवून सांगत होती. मग त्यांनी विचारलं, धाकटा मुलगा कुठे असतो? हुस्नबानूने बशीत चहा ओतता ओतता उत्तर दिलं की घरातच आहे, निजलाय. पियूषभाईंनी नदीमकडे पाहिलं. नदीमने हळूच मान हलवली. यशराने उगाच रुमाल सारखा केला आणि निघताना म्हणाली, घराचे पत्रे बघायला माणूस पाठवायचाय, तुमच्याकडची दुसरी चावी देऊन ठेवा. हुस्नबानूने कमरेची काढून दिली.

आता नबील निजलेला नव्हता. नबील तेलाच्या जहाजावर होता, कुठल्या समुद्रावर ते अल्लाला माहीत, आणि उन्हाळ्याआधी उतरणार नव्हता. हुस्नबानूलाही हे पुरतं माहीत होतं. पण त्या किनाऱ्यावरच्या काही घरांत एक रीत आहे. माणूस पाण्यावर असला की तो पाण्यावर आहे असं घरातल्या बाईने तोंडाने म्हणायचं नाही. कुणीही विचारो, घरात आहे, निजलाय, एवढंच सांगायचं. समुद्राला नाव कळू द्यायचं नाही. विचारणाऱ्यालाही ते ठाऊक असतं, तो मान डोलावतो आणि पुढचं बोलतो.

हुस्नबानूच्या सासूने ही रीत एकदाच मोडली. जनगणनेचा माणूस आला होता. तोही असाच सभ्य, हळू बोलणारा. मुलगा कुठे म्हणून त्याने विचारलं, आणि सरकारच्या माणसाशी खोटं कसं बोलायचं म्हणून म्हातारी खरं बोलून गेली, की नजमुद्दीन गलबत घेऊन रत्नागिरीकडे गेलाय. नजमुद्दीन म्हणजे हुस्नबानूचा नवरा. ते गलबत परत आलं नाही आणि त्याची मय्यतही हाताला लागली नाही. सासूने पुढे मरेपर्यंत कुणाच्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही. शिकलेल्यांनी याला योगायोग म्हणावं, माझी हरकत नाही. पण मागे दोन पोरांना घेऊन राहिलेल्या बाईशी वाद घालायला मी काही जाणार नाही. पुढे ती दोन्ही पोरं एकामागून एक जहाजावर गेली. नदीम काही वर्षं नोकरी करून सुखरूप उतरला आणि त्याने दुकान टाकलं. नबील अजून जातो.

त्या दुसऱ्या दुपारनंतर बोटीत बसल्यावर तिला कसंतरी होऊ लागलं. ऊन होतं, वारा होता, माणसं मजेत सीगलना खाऊ घालत होती. ती मात्र समुद्राकडे पाठ करून बसली. चहा बाधला असेल म्हणून तिने ओवा चावला. ओव्यानेही बरं वाटलं नाही.

कारण कळलं ते दोन दिवसांनी, गोदूच्या घरावरून जाताना. गोदू तिची जुनी शेजारीण, आता दाराला कुलूप. गोदूच्या मुलांनी तिला डोक्याच्या डॉक्टरकडे नेलं होतं तेव्हा सोबतीला हुस्नबानूच गेली होती. आज वार कुठला? कशाने आलात? काल काय खाल्लंत? अगदी हेच, याच क्रमाने, असंच हळू आवाजात. पुढे महिन्याभरात गोदू पनवेलकडच्या कुठल्याशा संस्थेत गेली. आई काहीही बोलते, तिला काही कळत नाही, असं कागदोपत्री ठरलं आणि जागेचं मुलांनी बघितलं. गोदूला खरंच काही कळत नव्हतं, ती नातवाला बाप म्हणायची. पण मला सगळं कळतं, हुस्नबानू स्वतःशी म्हणाली. ती तिथेच बांधावर बसली.

एक मन म्हणे, हा तुझा वेडा संशय. दुसरं म्हणे, मग चावी कशाला घेतली? पत्रे बघायला माणूस आलाच नव्हता. घराभोवती फिरून मोजमाप करणारी दोन माणसं मात्र सोनाबाईने पाहिली होती.

त्यात नदीमचा फोन आला. या शुक्रवारी ये, आणि चार दिवसांचे कपडे घेऊन ये. हुस्नबानूला नाही म्हणता आलं असतं. पण तिने विचार केला की न जावं तर म्हणतील म्हातारीने घर धरलं, तिला माणसं ओळखू येईनात. त्यापेक्षा जावं आणि ठणठणीत उत्तरं देऊन यावं. बोटीत ती वार, तारीख, महिना पुटपुटत राहिली, इंग्रजी महिना आणि चांदचाही. कपडे तिने मुद्दाम एकाच दिवसाचे घेतले होते.

टेबल तेच होतं, खिडकीही तीच. यावेळी पियूषभाईंच्या शेजारी त्यांच्याच हाताखालची दिसणारी एक बाई वही उघडून बसली होती. यशराने स्वतः सासूच्या कपात चहा ओतला, साखर ढवळून दिली. लहान मुलाला देतात तसा कप तिच्या हातात दिला. हुस्नबानूने थँक्यू म्हटलं.

प्रश्न सुरू झाले आणि तिने एकेक प्रश्न टोलवला. वार सांगितला, तारीख सांगितली, भरती किती वाजता आहे तेही न विचारता सांगितलं. त्यांनी तीन शब्द लक्षात ठेवायला दिले, संत्रं, छत्री, घड्याळ. तिने ते सुलटे म्हणून दाखवले, मग उलटेही. पियूषभाई मनापासून हसले. वहीवाल्या बाईचं पेन थांबलं. हुस्नबानूचा जीव जरा भांड्यात पडला आणि तिने वरच्या बशीतला केकचा तुकडा उचलला.

तेवढ्यात नदीम पियूषभाईंकडे न बघता म्हणाला, "नबीलचं विचारा ना."

बस, तेवढंच. हुस्नबानूच्या हातातला तुकडा हातात राहिला. तिने मुलाकडे पाहिलं. इतका वेळ तिला वाटत होतं की नदीमचा काहीतरी गैरसमज झालाय, यशराने त्याच्या मनात भरवलंय, डॉक्टरला आपली रीत माहीत नाही म्हणून घोटाळा होतोय. पण नदीमला रीत माहीत होती. तिच्याच घरात तो वाढला होता. आई कुठल्या प्रश्नाला कधीच खरं उत्तर देणार नाही हे जगात ज्या दोघांना सगळ्यांत पक्कं ठाऊक होतं, त्यांतला एक समोर बसून चमचा फिरवत होता.

पियूषभाईंनी विचारलं, नबील आत्ता कुठे आहे?

हुस्नबानूने केकचा तुकडा बशीत परत ठेवला. खरं बोललं की घर वाचत होतं. अवघे चार शब्द लागणार होते. समजावून सांगावं तर समजावणं म्हणजे तरी सांगणंच, की आमच्यात पाण्यावरच्या माणसाला असं म्हणतात. आणि खिडकीच्या काचेपलीकडे, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ, समुद्र होता. तिला रडू यायला लागलं.

"नदीम," ती म्हणाली, "तू सांग यांना. आपल्यात काय असतं ते तूच सांग, बेटा. मला नको बोलायला लावू."

नदीमने डोळे वर केले, आणि एक क्षण तो सांगेल असं वाटलं. मग तो त्या बाईकडे वळून इंग्रजीत काहीतरी बोलला आणि आईला मराठीत म्हणाला, "काय असतं अम्मी? मला नाय माहीत. तू सांग ना, नबील कुठे आहे?"

यशरा उठून बाहेर गेली. तिला ते बघवलं नसावं, किंवा गाडी सांगायची असावी. हुस्नबानूला तिच्यात रस उरला नव्हता. तिच्या डोळ्यांसमोर धाकटा होता, कुठल्यातरी लोखंडी खोलीत अरुंद पलंगावर पडलेला, खाली सगळं पाणीच पाणी. वाडी गेली तर तो उतरून कुठे येईल, हा विचारही तिच्या मनात आला. पण आधी तो उतरायला हवा, मग कुठेही येईल. एवढं तिने ठरवलं, आणि ठरल्यावर तिचा आवाज अगदी साधा झाला.

"घरातच हाय," ती म्हणाली. "निजलाय."

पियूषभाईंनी नबीलला शेवटचं कधी पाहिलं म्हणून विचारलं. ती म्हणाली, आज सकाळीच, पांघरूण नीट करून आले. त्यांनी खात्री करून घ्यायला पुन्हा विचारलं, तिने पुन्हा तेच सांगितलं, आणखी बारकाव्यानिशी. वहीवाली बाई भराभर लिहू लागली. मान खाली घालून लिहिताना तिचाही चेहरा उतरलेला होता. मग पियूषभाईंनी वाकून हुस्नबानूच्या हातावर हात ठेवला आणि आज तुम्ही परत जाऊ नका, थोडे दिवस एका चांगल्या जागी आराम करा, असं म्हणाले. ती हो म्हणाली.

नदीम खुर्ची मागे सारून उठला. उठताना त्याने आईची कपड्यांची पिशवी उचलली, ती त्याला हलकी लागली असावी, कारण तो थबकला. हुस्नबानूने त्याची बाही धरली आणि त्याला जवळ ओढलं, लहानपणी शाळेत पाठवताना ओढायची तसं.

"तू पण असाच निजून असायचास घरात," ती हळूच म्हणाली, "जहाजावर होतास तेव्हा. कुण्णाला सांगितलं न्हाय मी. म्हणून तर आज उभा हायस ना माझ्यासमोर."